पान अकरावरचे सर

६ जानेवारी २०२५, सोमवार

विभागात नव्या वर्षाच्या डायऱ्या आल्या. दरवर्षी माझी डायरी बायको, कांता, घेते आणि तीत विहारात म्हणायची गाणी उतरवून ठेवते. यंदा मी दिली नाही.

"तुमाले काऊन पाह्यजे डायरी?" तिने विचारलं.

"लिहाची सवय कराची हाय," मी म्हटलं. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि मग भाकरी उलटवायला वळली.

झालं असं. दुपारी विभागप्रमुख नंदिनी मॅडमनी बोलावलं. आमच्या पत्रकारिता विभागाला २८ फेब्रुवारीला पंचवीस वर्षं होतात, स्मरणिका निघणार आहे, आणि जे शिक्षक आता हयात नाहीत त्यांच्यावर मी लिहायचं, असं त्या म्हणाल्या. मी. चोवीस वर्षं या विभागात शिपाई आहे आणि शाळा गावातली, दहावीपर्यंत. मी म्हटलं, "मॅडम, इथं सगळे लिहिणारेच आहेत."

मॅडम म्हणाल्या, "आहेत. पण त्यांना पाहिलेलं कोणी नाही. आम्ही सगळे नंतरचे. तुम्हीच उरलात, कवडूभाऊ."

रजत सर तिथेच होते. ते म्हणाले, "मुद्दे तेवढे द्या, भाषेचं आपण नंतर बघू." ते वाईट मनाने म्हणाले नाहीत. पण घरी येताना सायकलवर मला तेच आठवत राहिलं. ठरवलं आहे की छापलेलं एकही वाक्य खोटं असणार नाही. भाषा साधी असली तर असू दे. रोज सकाळी पंचशील म्हणतो, त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. लिहिण्यालाही ते लागू असावं.

९ जानेवारी, गुरुवार

मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं. २०१३ साली विभाग जुन्या इमारतीतून इकडे आला तेव्हा हे कागद मीच लावले होते. वाळवीने बरेच खाल्ले होते. जे वाचले त्यांची जुनी पिवळी पाकिटं काढून टाकली (त्यांच्यावर लाल पेनाने काहीबाही लिहिलेलं होतं) आणि सगळ्यांना नवीन पांढरी पाकिटं घालून वर स्वच्छ अक्षरात नावं घातली. बारा वर्षांनीही पाकिटं तशीच आहेत. बरं वाटलं.

चंद्रभान सरांचं पाकीट मिळालं, ते २०१६ साली गेले. शकुंतला मॅडमचं मिळालं, त्या २०२१ मध्ये गेल्या, तेव्हा माणसं जमवायला बंदी होती म्हणून शोकसभासुद्धा झाली नाही. ही दोन नावं माहीत होती.

तिसरं पाकीट ओमप्रकाश सरांचं. ते छायाचित्रण शिकवत. २०१० मध्ये निवृत्त होऊन मुलाकडे भोपाळला गेले, मग काही कळलं नाही. पाकिटात टाइप केलेला एक कागद होता. तो इथे उतरवतो:

"ज्येष्ठ छायाचित्रकार व प्राध्यापक ओमप्रकाश यांचे ३० फेब्रुवारी २०१२ रोजी पहाटे अल्पशा आजाराने निधन झाले. त्यांच्या पश्चात पत्नी, एक मुलगा, एक मुलगी आणि चार कॅमेरे असा परिवार आहे."

मी स्टुलावरच बसलो. तेरा वर्षं झाली आणि मला पत्ताही नाही. विभागात कोणाची शोकसभा असली की खुर्च्या मीच लावतो, फोटोला हार मीच घालतो. ही शोकसभा माझ्या हातून कशी सुटली? कदाचित त्या आठवड्यात मुलीच्या, मयुरीच्या, शाळेच्या कामाने रजेवर असेन.

संध्याकाळी वंदनेच्या वेळी सरांचं नाव घेतलं. कांताला सांगितलं. ती म्हणाली, "ते कॅमेरावाले? आपल्या मयुरीचा पह्यला फोटो त्यायनंच काढलता ना." 

१३ जानेवारी, सोमवार

मॅडमनी मदतीला अपेक्षा नावाची विद्यार्थिनी दिली आहे. देवळीची आहे, एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. ती टाइप करते, मी सांगतो. पहिल्याच दिवशी म्हणाली, "भाऊ, तुम्ही लेखासारखं नका सांगू. मले चहा देता देता जसं सांगता तसं सांगा." मग जमलं.

चंद्रभान सरांवर लिहून झालं. ते बातमी लिहायला शिकवत. सकाळी अकराला मी चहा घेऊन गेलो की त्यांचा एकच प्रश्न: "कवडू, आज रस्त्यानं काय पाह्यलं?" बोरगाव ते विद्यापीठ सायकलवर जे दिसलं असेल ते मी सांगायचो. ते मधेच अडवत. किती वाजले होते? कोणत्या बाजूनं? तू पाहिलं की कोणी सांगितलं? चहा थंड व्हायचा. त्यांना गप्पांची फार आवड. गोरसपाकाचं बिस्किट चहात बुडवून खायचे आणि निम्मा कपातच पडायचा.

त्यांच्या पाकिटात एका विद्यार्थ्याची जुनी वही आहे. तीत लिहिलं आहे, "उदाहरण १: बोरगावच्या वळणावर संत्र्याची गाडी उलटते. लोक आधी संत्री उचलतात की माणूस?" ती गाडी मीही पाहिली होती. सरही त्या दिवशी त्याच वाटेने आले असावेत.

१६ जानेवारी, गुरुवार

शकुंतला मॅडम. वृत्तपत्रांचे कायदे आणि नीती शिकवत. बाराही महिने छत्री. एकदा विद्यार्थ्यांच्या सरावाच्या अंकात, म्हणजे आमच्या 'धामकाठ'मध्ये, बजाज चौकातल्या एका भाजीवाल्या बाईंचं वय बासष्टऐवजी बहात्तर छापलं गेलं. मॅडमनी लिहिणाऱ्या मुलाला तर नेलंच, सगळ्या वर्गाला पायी नेलं. मी छत्री धरून मागे. बाई म्हणाल्या, "जाऊ द्या ना मॅडम, दहा वर्षांनं काय होते?" मॅडम म्हणाल्या, "तुमची दहा वर्षं आहेत ती. आम्ही घेतली, आम्हीच परत करायला आलो."

त्या दिवसापासून विभागाचा नियम झाला. चूक छापली तर ज्याची चूक त्याने स्वतः त्या माणसाच्या दारात जायचं, छापलेला अंक हातात घेऊन, आणि काहीतरी गोड न्यायचं. मॅडम असेपर्यंत पाळला गेला. हे सगळं पानात घातलं आहे.

२४ जानेवारी, शुक्रवार

ओमप्रकाश सरांचं पान झालं. निधनाची तारीख कागदावरून जशीच्या तशी घेतली, नजरचूक नको म्हणून दोनदा ताडून पाहिली. अपेक्षा म्हणाली, "चार कॅमेरे असा परिवार, किती गोड लिहिलंय." मी म्हटलं, जुने लोक असंच लिहीत.

सरांच्या नावाने येत्या फेब्रुवारीत विहारात खीर द्यायची, असं कांता म्हणते. पुण्यतिथीच्या दिवशीच देऊ म्हणाली. महिन्याच्या शेवटीच येते, लक्षात ठेवायला सोपी.

४ फेब्रुवारी, मंगळवार

प्रूफ रजत सरांनी वाचलं, नंदिनी मॅडमनी वाचलं, आणखी दोन सरांनी वाचलं. मी तर पाच वेळा. रजत सरांनी माझ्या मजकुरात फक्त तीन स्वल्पविराम वाढवले. म्हणाले, "भाऊ, बाकी हात लावावा असं काही नाही." मी त्यांना चहा जरा जास्त दिला.

प्रूफ कसं वाचायचं हे मी चंद्रभान सरांच्या मागे उभा राहून पाहिलं होतं. चुकीचा शब्द लाल रेघेने खोडायचा. खोडल्यावर वाटलं की तो बरोबरच होता, तर त्याच्याखाली टिंबं द्यायची, म्हणजे शब्द राहतो. हे मला नेहमी चांगलं वाटायचं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

स्मरणिका आली. तीनशे प्रती. पान नऊ आणि दहावर चंद्रभान सर, अकरावर ओमप्रकाश सर, बारावर शकुंतला मॅडम. खाली 'शब्दांकन: कवडू थूल'. एक प्रत घरी आणली आणि बुद्धमूर्तीसमोर ठेवली. कांताने माझं नाव बोटाने वाचलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आजचं आजच लिहून ठेवतो.

मयुरी सावंगीच्या दवाखान्यात नर्स आहे. आज जेवताना सांगत होती, "बाबा, आज एका आजोबाच्या डोयाची पट्टी काढली. मोतीबिंदू होता. पट्टी निघाल्याबरोबर म्हणते, 'बेटा, खिडकीजवळ हो, उजेड चांगला आहे.' नाव वाचलं माझ्या बिल्ल्यावरचं, म्हणते, 'थूल? तो कवडू थूल तुझा कोण?' मी म्हटलं, बाबा. तर म्हणते, 'त्याले सांगजो, ओमप्रकाशनं आठवण केली.'"

मी म्हटलं, "कोण ओमप्रकाश?"

"विद्यापीठात फोटो शिकवत होते म्हणे. आता पवनारले रायते, मुलीकडं."

घास खाली ठेवला. कांता म्हणाली, "अवं माय. अन् आपण त्यायच्या नावानं खीर ठरवून बसलो."

मयुरीला हसू आवरेना. मला हसू येईना. तीनशे प्रती. जो माणूस डोळ्याची पट्टी काढून उजेड पाहतो आहे, त्याला मी छापून मारलं. सकाळी चौथ्या शिलापाशी काय म्हणू?

१९ फेब्रुवारी, बुधवार

मॅडम आणि रजत सरांना सांगितलं. सरळ सांगितलं: कागद मी काढला, पान मी लिहिलं, चूक माझी.

मॅडम बराच वेळ स्मरणिका पाहत बसल्या. रजत सर म्हणाले, "पान अकरा फाडून टाकू. अजून एकही प्रत बाहेर गेली नाही. कोणाला कळणार नाही."

मी म्हटलं, "सर, अकराच्या मागं बारा आहे."

त्यांनी पान उलटलं. मागे शकुंतला मॅडम, आणि नेमका तोच परिच्छेद: ज्याची चूक त्याने स्वतः जायचं. 

"मी पवनारले जाऊन येतो," मी म्हटलं.

नंदिनी मॅडम म्हणाल्या, "ते चिडले तर? वर्तमानपत्रात गेले तर? पत्रकारिता विभागाने जिवंत माणसाचा मृत्युलेख छापला, याच्यावर वर्षभर हसतील लोक, कवडूभाऊ."

"हसतील," मी म्हटलं.  मॅडमनी लिहिण्याचा विश्वास माझ्यावर टाकला होता. त्यांनी तो परत मागितला नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

स्मरणिका आणि गोरसपाकाचं पाकीट पिशवीत घातलं आणि सकाळच्या बसने पवनारला गेलो. रस्ताभर वाक्यं जुळवत होतो, एकही टिकेना.

दार त्यांच्या मुलीने, वर्षालीताईंनी उघडलं. सर अंगणात खाटेवर बसले होते. काळा चष्मा, गळ्यात कॅमेरा. माझ्याकडे पाहून म्हणाले, "कवडू. केस कुठी गेले रे तुझे?"

मी पाया पडलो. पुढे सरळ चूकच सांगायची होती, पण तोंडातून निघालं, "सर, तुम्ही आहात."

"हूँ तो. काऊन, शंका होती काय?"

मी स्मरणिका अकराव्या पानावर उघडून त्यांच्या हातात दिली आणि बाजूला उभा राहिलो. ऑपरेशन झालेला डोळा बारीक अक्षराला अजून सरावला नव्हता, म्हणून वर्षालीताईंनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. निधनाच्या ओळीवर त्या थांबल्या आणि माझ्याकडे अशा पाहू लागल्या की मला अंगणातून जावंसं वाटलं.

"आगे पढ़ ना," सर म्हणाले.

"बाबा, हे काय लिहून राह्यले लोक तुमच्याबद्दल!"

"तारीख वाच. पुन्हा वाच."

"तीस फेब्रुवारी दोन हजार बारा."

सर हसायला लागले. हसताना चष्मा काढावा लागला, मग ताईंनी रागावून तो परत घातला. "तीस फेब्रुवारी," ते म्हणाले. "चंद्रभान, यार."

मग त्यांनी सांगितलं. मृत्युलेख शिकवायचा तर चंद्रभान सर चिठ्ठ्या टाकायचे. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्या जिवंत शिक्षकाचा मृत्युलेख मुलांनी लिहायचा. माणूस मेल्यावर घाईत लिहिलं की फक्त चांगलं चांगलं लिहिलं जातं, म्हणून आधी लिहायचा आणि त्या शिक्षकालाच तपासायला द्यायचा. तारखेशिवाय मृत्युलेख पुरा होत नाही, म्हणून तारीख टाकायची ती तीस फेब्रुवारीच, पुढच्या कोणत्या तरी सालातली. म्हणजे चुकूनही कोणी तो छापू नये.

"पाकिटावर 'सराव' असं लाल अक्षरात लिहून ठेवत होता तो," सर म्हणाले.

मला पिवळी पाकिटं आठवली. वाळवीने खाल्लेली, लाल पेनाने लिहिलेली. मी ती किती समाधानाने टाकली होती.

"सर, मी फसलो," मी म्हटलं.

"तू एकटा? प्रूफ किती जणांनी वाचलं?"

"मला धरून पाच."

"पाँच पत्रकार, अन् एकालेबी कॅलेंडर येत नाई. चंद्रभान असता तर यावर महिनाभर शिकवलं असतं त्यानं." त्यांनी गोरसपाकाचं पाकीट फोडलं. "अन् तू तेरा वर्षांत मेलेला माणूस समजून काय केलं माह्यासाठी?"

"वंदनेत नाव घेत होतो, सर. दीड महिन्यापासून."

त्यांनी एक गोरसपाक माझ्या हातावर ठेवला. मग म्हणाले, "म्हणूनच ऑपरेशन नीट झालं वाटते. चालू ठेवजो."

निघताना मी चंद्रभान सरांचं पान वाचून दाखवलं. चहा आणि रस्त्यात काय पाहिलं ते. सर म्हणाले, "तुले माईत हाय ना, तू सांगितलेलं तो तसंच्या तसं वर्गात न्यायचा? मी बाजूच्या खोलीत असे, ऐकू यायचं. म्हणायचा, 'विभागाचा पह्यला वार्ताहर आता चहा देऊन गेला.'"

सरांना थट्टेची सवय आहे. मी हसलो आणि बस पकडली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मॅडमना सगळं सांगितलं. 'तीस फेब्रुवारी' म्हटल्यावर त्यांनी आधी कपाळाला हात लावला, मग रजत सरांकडे पाहिलं. रजत सर म्हणाले, "मी स्वल्पविराम बघत होतो." मॅडम इतक्या हसल्या की बाजूच्या वर्गातली मुलं डोकावली.

पान फाडायचं नाही, शुद्धिपत्र चिकटवायचं असं ठरलं. तेही मीच लिहायचं. लिहिलं: "पान अकरावर प्रा. ओमप्रकाश यांचे निधन झाल्याचे छापले आहे. ते झालेले नाही. ते कार्यक्रमाला येणार आहेत. चूक लिहिणाऱ्याची आहे." अपेक्षा आणि मी तीनशे चिठ्ठ्या खळीने चिकटवल्या.

मंचावरून एकदा सांगायलाही पाहिजे, असं मीच म्हणालो. म्हणून बसलो खरा.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

चोवीस वर्षांत माइकवर मी फक्त "हॅलो, एक, दोन, तीन" म्हटलं आहे. आजही सवयीने तेच निघालं. लोक हसले, आणि भीती थोडी गेली.

जे झालं ते सांगितलं. पाकिटं मी बदलली, तारीख मी ताडून पाहिली आणि तरी पाहिली नाही. "चंद्रभान सर विचारायचे, तू पाहिलं की कोणी सांगितलं? या वेळी मी पाहिलं नव्हतं," इतकं म्हणून मी थांबलो.  मग पहिल्या रांगेतून ओमप्रकाश सर उठले, काठी टेकत वर आले, आणि माइक माझ्या हातातून घेऊन म्हणाले, "उद्या परवा कुठेतरी माझी पुण्यतिथी आहे. सगळ्यांनी यायचं."

किती वेळ टाळ्या चालल्या मला सांगता येत नाही. मी घड्याळ पाहिलं नाही.

फोटो दोनच ठेवले होते, पण हार सकाळी तीन आले होते. तिसऱ्याचं काय करावं म्हणून मी तो मागे लपवला होता. सरांनी तो शोधून काढला आणि चंद्रभान सरांच्या फोटोला दुसरा हार घातला. म्हणाले, "माह्या वाटचा तुले. तुनंच मारलं होतं मले." मग शकुंतला मॅडमच्या फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले. मॅडमची छत्री अपेक्षाने कपाटामागून काढून फोटोशेजारी ठेवली होती. सरांनी त्या छत्रीचा फोटो काढला.

५ मार्च, बुधवार

नंदिनी मॅडमनी जुनी पद्धत पुन्हा सुरू केली आहे. सोमवारी वर्गात चिठ्ठ्या टाकल्या. विभागात काम करणाऱ्या सगळ्यांची नावं टाकली म्हणे. अपेक्षाला माझ्या नावाची निघाली.

आज तिने कागद आणून दिला आणि सोबत लाल पेन. "भाऊ, तपासून द्या. मृत्युलेख ज्याचा, त्यानंच तपासायचा हाय."

वाचला. माझं निधन ३० फेब्रुवारी २०६१ रोजी, सायकलवरून घरी परतल्यावर, चहा पिऊन झाल्यावर होणार आहे. माझ्या पश्चात पत्नी, एक मुलगी आणि नीट लावलेलं एक लोखंडी कपाट आहे. कांताला वाचून दाखवलं तर म्हणाली, "पंच्याऐंशी वर्षं? तवापर्यंत मी कशाले रायते सांभायाले."

तीन दुरुस्त्या केल्या. गावाचं नाव चुकलं होतं. सायकल निळी नाही, हिरवी आहे. आणि पहिल्याच ओळीत 'विभागाचे पहिले वार्ताहर' असं होतं, ते खोडून मी 'शिपाई' लिहिलं. जे खरं ते.

मग वाटलं, न विचारता खोडलं. पवनारला फोन लावला. म्हटलं, "सर, तुम्ही त्या दिवशी वार्ताहराचं म्हणाला होता, ते तुम्ही स्वतः ऐकलं की कोणी सांगितलं?"

"ह्या कानांनं ऐकलं," सर म्हणाले. "एकदा नाई, आठ-नऊ वर्षं. काऊन?"

"काही नाही, सर. तपासत होतो."

पेन हातात घेऊन बसलो. कपाटातली ती वही आठवली, संत्र्याची गाडी. सरांचं घर आर्वी नाक्याकडे होतं. बोरगावच्या वाटेने ते कशाला येतील?

'शिपाई' तसंच राहू दिलं, तेही खरं आहे. त्याच्या आधीच्या खोडलेल्या शब्दांखाली एकेक टिंब देत गेलो. हळूहळू दिली.

डायरीत २८ फेब्रुवारीनंतर लगेच १ मार्च आहे, मध्ये जागा नाही. तिथे तो कागद खळीने चिकटवला आहे.